तांब्यावरून उलटणारा लेझर

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात पत्रा कापणाऱ्या फायबर लेझरचा प्रकाश सुमारे १.०७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. पोलाद त्याचा बराच भाग शोषते. थंड, चकचकीत तांबे ९० टक्क्यांहून अधिक परतवते. त्यामुळे विद्युत पॅनेलच्या तांब्याच्या पट्टीला, म्हणजे बसबारला, पहिले भोक पडेपर्यंत धोका जास्त. उलटलेला झोत फायबरमधून मागे शिरून स्रोतच जाळू शकतो. म्हणून तो टिपून यंत्र थांबवणारे सेन्सर बसवतात. रोजची कटकट मात्र कापणाऱ्या हेडमधल्या लेन्सच्या संरक्षक काचेची. तिच्यावर धुळीचा वा उडालेल्या धातूचा कण बसला, की प्रकाश विखुरतो, कण तापतो, फोकस सरकतो, कापाच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) येते आणि अखेर काच तडकते. काच बदलताना पंखा बंद आणि हेडचे उघडे तोंड लगेच चिकटपट्टीने झाकलेले हवे.