पावसाचे पाणी आणि आपली वखार

धान्याच्या व्यापाऱ्यास पावसाची ओढ असते, तशीच धास्तीही असते. तळच्या थराची पोती एकदा भिजली की वरच्या मालाचाही भाव उतरतो, हे आम्ही दाल बाजारात आयुष्यभर पाहत आलो आहोत.

लष्करातील पाण्याची स्वाभाविक वाट म्हणजे स्वर्णरेखा नदी. तिचे पात्र काँक्रीटने बांधले गेले, मोकळ्या जमिनीवर इमारती उठल्या, आणि पूर्वी भूमीत मुरणारे पाणी रस्त्यावर आले. मध्य प्रदेश शासनाने 2006 साली 140 चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींस छपराचे पाणी साठविण्याची वा जिरविण्याची योजना बंधनकारक केली, व ती करणारास त्या वर्षीच्या मालमत्ता करात 6 टक्के सूट ठेवली.

हिशेब सोपा आहे. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी होते. नवी वखार बांधताना कित्येक बंधू केवळ जोते उंच करतात आणि आपले पाणी शेजाऱ्याच्या वखारीत लोटतात. जोते अवश्य उंच करावे. परंतु त्याबरोबर खडी-वाळूचा शोषखड्डा करावा, मृगापूर्वी तो साफ करावा, आणि नाल्यावर पायरीदेखील चढवू नये. असे केल्याने शेजाऱ्याचा माल वाचेल आणि आपलाही.