स्पाइक मिलिगन : नगरात जन्मलेला ‘गून’

अहमदनगर म्हटले की भुईकोट किल्ला आठवतो आणि त्या किल्ल्याच्या कैदेत नेहरूंनी लिहिलेला ग्रंथ आठवतो. आता अहिल्यानगर झालेल्या या शहरात विसाव्या शतकातल्या इंग्रजी विनोदाला वळण देणारा एक माणूस जन्मला, हे मात्र आपल्या गावीही नसते. टेरेन्स ॲलन ऊर्फ स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८. वडील लिओ मूळचे आयरिश, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला. पोराचे बालपण पुण्यात गेले, शाळा तिथलीच कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी. पुढे रंगून. वडिलांची लष्करी नोकरी संपली तेव्हा १९३३च्या सुमारास कुटुंब लंडनला गेले. छावणीतल्या उन्हात आणि नोकरचाकरांत वाढलेला मुलगा आग्नेय लंडनच्या धुरकट, हातातोंडाशी गाठ असलेल्या वस्तीत येऊन पडला. साहेबाच्या देशात साहेब म्हणून जगायची सोय नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात तोही तोफखान्यात गेला. जानेवारी १९४४मध्ये इटलीत तोफगोळ्याने जखमी झाला. पायाची जखम भरली, मन मात्र पूर्ववत झाले नाही. आघाडीवरून मागे धाडलेला हा सैनिक मग लष्कराच्या करमणूक पथकात वाद्ये वाजवू लागला आणि तिथून विनोदाकडे वळला.

२८ मे १९५१ रोजी बीबीसीवर ‘क्रेझी पीपल’ या नावाने एक कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढचा ‘गून शो’. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम, मिलिगन आणि सुरुवातीला मायकेल बेंटाइन. जानेवारी १९६०पर्यंत दोनशेहून अधिक भाग झाले. बहुतेक लेखन मिलिगनचे, कधी लॅरी स्टीफन्स किंवा एरिक साइक्स यांच्या जोडीने. रेडिओवर नेपथ्य बांधावे लागत नाही, ही साधी गोष्ट त्याने शेवटच्या टोकापर्यंत ताणली. आवाजाने जे सुचवता येते ते घडू शकते, मग ते कितीही अशक्य असो. त्यामुळे ध्वनी हा त्याच्याकडे पार्श्वभूमीला राहत नाही, तोच विनोद करतो. कस्टर्ड भरलेला मोजा आपटल्याचा आवाज हवा म्हणून त्याने बीबीसीच्या उपाहारगृहातून कस्टर्ड करवून घेतले, स्वतःच्या पायातला मोजा काढून त्यात ओतले आणि भिंतीवर आपटून पाहिले, असे सांगतात. आवाज काही मनासारखा आला नाही!

या कार्यक्रमातला मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला भित्रा, लाचखाऊ अधिकारी. त्याच्या पोटातल्या भयंकर गडगडाटासाठी बीबीसीच्या ध्वनी-प्रयोगशाळेने खास आवाज घडवला होता. साम्राज्य ओसरत असतानाच्या त्या दशकात लष्करी रुबाबाची अशी पोटातून टर उडवणारा लेखक छावणीतच वाढलेला असावा, हे मला योगायोगाचे वाटत नाही. ते मेजर त्याने लहानपणी जवळून पाहिले होते.

दर आठवड्याला नवी संहिता लिहिण्याची किंमत जबर होती. १९५२च्या अखेरीस तो सुरी घेऊन शेजारी राहणाऱ्या सेलर्सवर चालून गेला आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. तिसऱ्या मालिकेतले बरेच भाग त्याच्याविना झाले. उन्माद आणि नैराश्य यांची ही आवर्तने जन्मभर चालली. तो ती लपवीत नसे. १९९३मध्ये मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्याने नैराश्यावर पुस्तकच लिहिले. ‘वेड्या माणसालाच असा विनोद सुचतो’ हे विधान त्याच्याबाबतीत फार सैलपणे केले जाते. आजारपणात तो लिहू शकत होता हे खरे. पण तेव्हा कार्यक्रम पुढे चालला तो इतरांनी सावरला म्हणून.

त्याला आपला म्हणताना एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. ‘गून शो’त मिलिगन आणि सेलर्स लालकाका व बॅनर्जी नावाचे दोन हिंदी बाबू आवाज काढून रंगवीत. १९६९च्या ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत तर तो चेहरा सावळा रंगवून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार झाला. सहा भागांत मालिका बंद पडली. गोऱ्यांच्या वंशद्वेषावरच हा विनोद आहे, असा बचाव होता. पण हशा कुणावर पिकतो आहे हे लेखकाच्या हाती राहत नाही. मेजरची टर उडवताना ज्याची नेम धरण्यातली अचूकता थक्क करते, त्याचा नेम बाबूंपाशी ढळतो.

गंमत अशी की, हिंदुस्थानात जन्मल्यामुळे त्याच्या स्वतःच्याच ब्रिटिश पारपत्राचा प्रश्न साठच्या दशकात उभा राहिला. अखेर वडिलांच्या आयरिशपणाच्या आधारे तो आयरिश नागरिक झाला. २००१मध्ये ‘सर’की मिळाली तीही परकीयाला देतात तशी, मानद.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी तो गेला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्यावर त्याला एक वाक्य हवे होते : मी आजारी आहे, असे सांगितले होते ना! चर्चच्या अधिकाऱ्यांनी ते इंग्रजीत कोरू दिले नाही. आयरिश भाषेत चालले.