फोटोतले चौघे आणि फाशीचे सहा

२००३ साली नाशिकजवळ शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंमधून चार सराईत गुन्हेगार ओळखून दाखवले. त्या चौघांचा तपास झालाच नाही. पकडले गेले भटक्या जमातीतले सहा गरीब लोक. पुढे ओळखपरेडीत आणि कोर्टात त्याच बाईंनी या सहा जणांकडे बोट दाखवलं. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. २०१९मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता!

साक्षीदार खोटंच बोलतो असं नाही. भीतीत पाहिलेला चेहरा पुसट होतो, पुन्हा पुन्हा दाखवलेला मनात पक्का बसतो. म्हणून पहिली ओळख लगेच, शब्दशः नोंदवायला हवी. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊकच नसावं. पोलिसांकडचे, आरोपीच्या बाजूने जाणारे कागदही त्याच्या वकिलाला मिळायला हवेत, आणि तो वकील अटकेच्या दिवसापासून हवा.