भोंगा वर-खाली वाजला की घरात!

धोक्याचा भोंगा ओळखायची खूण अगदी सोपी. आवाज दोन मिनिटं वर-खाली होत राहिला, तर धोका. दोन मिनिटं एकाच पट्टीत वाजला, तर धोका टळला. वसई-विरारच्या प्रत्येक घरात पोरांना हे पाठ हवं.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांपैकी पहिल्या श्रेणीत तीनच नावं होती: मुंबई, उरण आणि आपल्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथेच १९६९ मध्ये सुरू झालं ना! अशा केंद्राभोवती आणीबाणीची आखणी १६ किलोमीटरपर्यंत असते. विरार त्याच्या बरंच बाहेर, तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी पळापळ नको.

भोंगा नेहमी संकटाचाच असतो असं नाही. ३० जानेवारीला सकाळी ११ ला जिथे भोंगा आहे तिथे तो हुतात्म्यांसाठी वाजतो आणि माणसं दोन मिनिटं स्तब्ध उभी राहतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे तर संध्याकाळी सातच्या भोंग्याला टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. मला हा उपयोग फार आवडतो.

तोच भोंगा रात्री जास्त लांब ऐकू येतो! दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा आवाज वर वळवते, रात्री गार हवा त्याला खाली ठेवते. बंद खिडक्यांच्या टॉवरमध्ये तो पोचेलच असंही नाही. अशा वेळी मोबाइलचा आधार: २०२३ पासून त्यावर थेट इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या. या इशाऱ्याला इंटरनेट लागत नाही.

भूकंपाआधी मात्र भोंग्याची वाट पाहू नका. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून जाणवलेले धक्के पायाखालूनच येतात, इशाऱ्याला वेळच उरत नाही.

आता कृती. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला तर गच्चीवर बघायला जायचं नाही. आत या, खिडक्यांपासून लांब बसा, रात्री दिवे मालवा. वसई पूर्वेच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वायुगळती झाली, तर नाकावर ओला रुमाल धरा आणि वाऱ्याला आडवं चालत दूर व्हा. मदतीला ११२.

आणि शेजारी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर भोंगा वाजल्यावर त्यांचं दार कुणी ठोठावायचं, हे सोसायटीच्या पुढच्याच बैठकीत ठरवून टाका.