गेटचा फोटो, गिऱ्हाईकाचा फोन

शेणव्यात आमचे वेल्डिंगचे दुकान आहे. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड अशी कामे. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीने येई. किन्हवलीच्या मामूंनी सांगितले, डोळखांबच्या कुणी पाठवले. आता तालुक्यात फार्महाऊस बांधणारा मुंबईकर आधी मोबाईलवर शोधतो. म्हणून 2018 मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस आम्हीही घेतले. फुकट आहे, कामांचे फोटो त्यात मांडून ठेवता येतात. लोखंडाचा भाव सारखा बदलतो, म्हणून किलोचा दर तारखेसह लिहितो.

पहिली चूक आमचीच. इंटरनेटवरचे एक नक्षीदार गेट उचलून स्टेटसला लावले. दुसऱ्याच दिवशी फोन, "अगदी हेच हवं." तशी नक्षी कापायचे मशीन आमच्याकडे कुठले? खरे सांगितले, गिऱ्हाईक गेले. अब्बा दोन दिवस धड बोलले नाहीत. तेव्हापासून फोटो फक्त आपल्या हातच्या कामाचा. त्यातही रेड ऑक्साइड मारण्याआधीचा, वेल्डिंगचा जोड जवळून दिसेल असा; जाणकार तोच बघतो. कुणाच्या घरातला फोटो मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय, विशेषतः बायकांना, काढत नाही.

हिशेब भाभी बघते. एकाने काम न बघताच मोठी ऑर्डर दिली आणि ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका." भाभी म्हणाली, "पैसे घ्यायला पिन कशाला?" यूपीआयवर पैसे येताना पिन लागतच नाही. कुणी फसलेच, तर लगेच 1930 वर फोन करावा.

मापे अजून आम्ही जागेवर जाऊनच घेतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या मापाचे एक गेट दुकानामागे तसेच उभे आहे.