सापळ्यावरचा तापमापक

उपग्रहाला समुद्राचे तापमान कळते ते फक्त पृष्ठभागाचे. 'आर्गो'चे सुमारे ४००० स्वयंचलित तरंगक २००० मीटरपर्यंत बुडी मारतात, पण मुख्यतः खोल महासागरात. मासेमारी चालते तो किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र मोजमापातून निसटतो. म्हणूनच अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर २००१ पासून चाललेला 'ई-मोल्ट' हा उपक्रम मला महत्त्वाचा वाटतो. तेथील मच्छीमार लॉब्स्टरच्या सापळ्यांना तापमापक बांधतात. सापळा तळाशी असेपर्यंत नोंदी होत राहतात, त्यासाठी वेगळे संशोधन-जहाज पाठवावे लागत नाही.

अशा नोंदींची निकड २०१२ मध्ये दिसली. मेनच्या आखाताचे पाणी असाधारण तापले, लॉब्स्टर काही आठवडे आधीच किनाऱ्याकडे सरकले, सापळे भरले आणि भाव कोसळले. हातात भरपूर माल असूनही मच्छीमाराचे नुकसानच झाले.

एक अडचण मात्र नाजूक आहे. जागा जोडल्याशिवाय तापमानाच्या नोंदीला अर्थ नाही, आणि मासेमारीची जागा हेच तर मच्छीमाराचे भांडवल. ती उघड झाली तर पुढच्या वेळी तो उपकरण कशाला बांधेल? म्हणून जागेचे गुपित राखणे आणि नोंदी प्रथम त्याच्याच हाती देणे, या दोन अटी मी अशा प्रत्येक योजनेचा पाया मानतो.