बारा वर्षं कसली म्हणून गायरान आपलं होत नाही

‘बारा वर्षं कसली की जमीन नावावर होते’ हे वाक्य गावोगावी इतक्या ठामपणे ऐकू येतं, जणू ते सातबाऱ्याच्या मागेच छापलेलं आहे. शिकलेली माणसंही हेच सांगतात, तेव्हा खरंच वैताग येतो.

बारा वर्षांची मुदत आहे ती खासगी जमिनीची. १९६३ च्या मुदत कायद्यात सरकारला दावा लावायला ३० वर्षं दिली आहेत. गायरान सरकारी, म्हणून तिथे बारा नव्हे, तीस मोजायची. आणि तीस भरली की उतारा बदलतो, असंही नाही. ताबा उघड होता, अखंड होता आणि मालकाचा हक्क झुगारून होता, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं.

आता पुरावा म्हणून लोक काय जपतात? अतिक्रमणाच्या दंडाची पावती! अहो, दंड भरलात म्हणजे जमीन सरकारची हे तुम्हीच कबूल केलंत. ‘तलाठ्याने नोंद घेतली’ असं कौतुकाने सांगतात तो गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांचीच नोंदवही. तीत नाव चढतं ते अतिक्रमण करणारा म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० नुसार जिल्हाधिकारी असं अतिक्रमण काढू शकतात.

तरी ती पावती फेकू नका. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, मुख्यतः मागासवर्गीय भूमिहीनांची, शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तिथे जुनी नोंद कामाला येते. पण ती जमीन सरकार देतं, आणि अटी घालून देतं. नुसत्या कब्जाने ती मिळत नाही.

‘ग्रामपंचायतीने ठराव केलाय’ हेही नेहमीचंच. गायरान सरकारचं; महसूल संहितेच्याच कलम २२ खाली जिल्हाधिकारी ते गुरचरणासाठी राखून ठेवतात. ग्रामपंचायतीच्या ठरावाने ते कुणाच्या घशात जात नाही. शंका असेल त्याने सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल वाचावा. गावच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवा, असं त्यात सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

काही जण वनहक्क कायद्यातली १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची तारीख पुढे करतात; ती वनजमिनीची. ती गायरानाला चिकटवू नये.